उजवी बाजू डावीकडे

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

पहिल्याच दिवशी उशीर! चाकणहून निगडीची बस सकाळी साडेसहाला पकडली, तर ती तळवड्याच्या चौकात पाऊण तास नुसती उभी. पुढे-मागे कंपन्यांच्या बसेस, आणि प्रत्येक खिडकीत झोपलेला माणूस. वर्गात शिरले तेव्हा सर अर्धा फळा पुसून पुढचं लिहायला लागले होते. आत यायला परवानगी मागायची असते हे आठवलं तेव्हा मी बाकावर बसलेसुद्धा होते.

सगळं इंग्रजीत. मला वाटलं होतं, पहिले चार दिवस तरी मराठीत समजावतील. मेकॅनिकलला साठ जण, त्यात मुली अकरा. गावी कळंबला वर्गात माझं नाव घेतलं की बाकीचे मागे वळून बघायचे. इथे मी अठ्ठेचाळीस नंबर आहे. हजेरीला 'फॉर्टी एट' म्हटल्यावर मीच इकडेतिकडे बघितलं.

खोलीवर आले तर कुलूप. तात्या सेकंड शिफ्टला गेलेले. किल्ली शेजारच्या शेखरकाकांकडे, ते तात्यांच्याच कारखान्यात आहेत. ताटाखाली भात-वरण झाकून ठेवलेलं. गार.

५ सप्टेंबर, गुरुवार

हिशोब केला. तात्या अकरा वर्षं चाकणला आहेत. दिवाळीला चार दिवस आणि गावच्या जत्रेला दोन दिवस यायचे, म्हणजे अकरा वर्षांत स्वतःच्या वडिलांना मी सहासष्ट दिवस पाहिलं. आता एका खोलीत राहतो, तरी भेट होत नाही. मी उठते तेव्हा ते झोपलेले, मी येते तेव्हा ते गेलेले. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यातच काय ते दिसतात, आणि तेव्हा आम्हाला बोलायला काही सुचत नाही.

"जेवलीस का?" — "जेवले." — "कॉलेज बरंय का?" — "बरंय."

कॉलेज बरं नाहीये.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

इंजिनिअरिंग ग्राफिक्स नावाचं एक प्रकरण आहे. वस्तूचं तिरकं चित्र देतात. त्यावरून ती समोरून कशी दिसेल, वरून कशी, बाजूने कशी — अशी तीन चित्रं काढायची. मापासकट. जी रेघ दिसत नाही ती तुटक काढायची. जी दिसतच नाही ती काढायची कशी, हे विचारायला हात वर केला, पण इंग्रजीत वाक्य जुळेपर्यंत मॅडम पुढच्या आकृतीवर गेल्या होत्या. हात तसाच खाली घेतला, केस सारखे केल्यासारखं करून.

मॅडम म्हणतात, इमॅजिन करा. मी डोळे मिटून इमॅजिन केलं. आई दिसली, दारात बसून शेंगा फोडणारी.

२० सप्टेंबर, शुक्रवार

शेजारी बसणारी नेहा वाकडची आहे. वाईट नाही. तिचा ड्रॉइंगचा मोठा कागद तासाभरात तयार! मी विचारलं, कसं काय? ती म्हणाली, "अगं, जीटी मार ना. सगळेच मारतात." मला वाटलं, ही ड्रॉइंगची एखादी पद्धत असणार. रीतसर वहीत लिहून घेतलं — 'जीटी'. मग कळलं. टेबलावर काच ठेवायची, काचेखाली बल्ब, वर पुढच्या वर्गातल्या कुणाचा तरी पूर्ण झालेला कागद, त्यावर आपला कोरा. रेघा दिसतात, त्या गिरवायच्या. ग्लास ट्रेसिंग!

मी कधी कॉपी केलेली नाही, असं म्हणाले. जरा जास्तच ताठ मानेने म्हणाले. नेहा "ओके" म्हणाली आणि दुपारी दुसऱ्या मुलींबरोबर कँटीनला गेली. मी डबा जिन्याखाली खाल्ला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

माझा कागद परत आला. आडवी लाल रेघ. 'रीडू', पुन्हा काढा. काच लावून काढलेले सगळे पास.

बसमध्ये उभ्या-उभ्या विचार केला आणि एक गोष्ट कबूल करावी लागली, निदान या वहीत तरी. मी दहावीला तालुक्यात दुसरी आले, बारावीलाही वर्गात पहिली, ते सगळं पाठांतरावर. भूमितीची प्रमेयंसुद्धा पाठ. आकृतीत अ-ब-क च्या जागी प-फ-म आलं असतं तर माझी दांडी उडाली असती. तिथे कुणी बदललं नाही म्हणून मी हुशार. इथे दर वेळी वस्तूच नवी. पाठ काय करू?

आईने फोनवर विचारलं, पहिली येशील ना? मी म्हणाले, अगं, अजून परीक्षा कुठे झालीय. रडू आवरायला फोन रेंज गेल्यासारखा कट केला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज खंडेनवमी. तात्यांच्या कारखान्यात मशीनची पूजा, घरच्यांना आत सोडतात. मी यायचं नाही म्हणत होते, पण तात्यांनी नवा शर्ट घातलेला पाहून गेले.

कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड. मोठ्या कंपन्यांसाठी सुटे भाग करतात, सगळा माल परदेशी गिऱ्हाइकाचा. शेड आज धुऊन काढलेली, तरी तेलाचा वास होताच. तात्यांचं मिलिंग मशीन हिरवं आहे, जुनं, लोखंड कापून खाचा पाडायचं. त्याला झेंडू, आपटा, हळद-कुंकू. तात्यांनी हँडलला कुंकू लावलं आणि मग मशीनला हात जोडून उभे राहिले. घरी देवासमोरसुद्धा मी त्यांना इतका वेळ उभं पाहिलं नाही. सुपरवायझर अर्जुनराव मला म्हणाले, "इतक्या वर्षांत तुझ्या बापाचा एक पीस परत आला नाही, पोरी." तात्या खाली बघत होते. पण कान लाल झालेले!

आणि मग मला दिसलं. मशीनच्या बाजूला क्लिपने लावलेला कागद. समोरून, वरून, बाजूने. तीन चित्रं. तुटक रेघा.

मी म्हणाले, तात्या, हे तुम्हाला वाचता येतं? ते म्हणाले, "न वाचता काम कसं करीन?" तात्या दहावी नापास आहेत. मी तिथेच मशीनसमोर सगळं सांगून टाकलं. लाल रेघ, जीटी, जिन्याखालचा डबा, सगळं. ते ऐकून एवढंच बोलले, "रविवारी बसू."

१३ ऑक्टोबर, रविवार

बसलो! तात्यांनी कपड्याच्या साबणाची नवी वडी काढली आणि सुरीने तिला एक पायरी कापली, बाजूने खाच पाडली. मग वडी माझ्या डोळ्यांसमोर धरली. म्हणाले, एक डोळा झाक. दिसतंय तेवढंच काढ, माहीत हाय ते काढू नको.

'माहीत आहे ते काढू नको' — हे मला कुणी बारा वर्षांत सांगितलं नव्हतं. माझं तर सगळं माहीत असलेल्यावरच चाललेलं. मग वडी वरून, मग उजवीकडून. उजवीकडून दिसतं ते उजव्या हाताला काढायचं, वरून दिसतं ते वरच्या अंगाला. सरळ हिशोब. तीन तासांत चार वड्यांचे तुकडे झाले. मी पाच आकृत्या काढल्या, चार बरोबर. तात्या एकदम म्हणाले, "तुझी आई हितं असती तर साबणावरनं शिव्या घातल्या असत्या." आम्ही दोघंही हसलो. दोघं एकदम, पहिल्यांदाच.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

बसमध्ये समोरच्या माणसाच्या मांडीवर जेवणाचा डबा होता. मनात तिन्ही बाजूंनी काढला. जमला!!

२१ ऑक्टोबर, सोमवार

ग्राफिक्सची चाचणी झाली. माझी सगळ्यांत आधी पूर्ण! इथे काच नव्हती, बल्ब नव्हता. नेहा डोकं धरून बसलेली. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

तीसपैकी चार.

मॅडमनी माझा कागद सगळ्यांसमोर वर धरला. आकृत्या इतक्या स्वच्छ, म्हणाल्या, पण एकही जागेवर नाही. या आकृत्या मांडायच्या दोन रिती असतात म्हणे. आपल्याकडे कॉलेजात शिकवतात त्या पहिल्या रितीत उजवीकडून दिसणारं चित्र डावीकडे काढतात आणि वरून दिसणारं खाली. परदेशी गिऱ्हाइकांची रीत याच्या उलट. प्रश्नपत्रिकेवर पहिल्याच ओळीत छापलेलं होतं, पहिली रीत वापरा. मी ती ओळ वाचलीच नाही. मला सगळं येतंच होतं ना!

"कुठल्या क्लासला जातेस?" मॅडमनी विचारलं. मागून कुणीतरी हसलं.

घरी तात्या होते, फर्स्ट शिफ्ट. त्यांनी पोहे केले होते. मी दप्तर टाकलं आणि म्हणाले, "तुम्हाला तुमच्या मशीनपुरतं येतं, तात्या. मला कशाला शिकवायला गेलात?"

त्यांनी पोह्यांवर ताट झाकलं, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन उभे राहिले. चूक माझी होती. ओळ मी वाचली नव्हती. हे मला बोलतानाच माहीत होतं, आणि तरी बोलले.

२ नोव्हेंबर, शनिवार. गाव

पाडवा. तात्या आले नाहीत. ओव्हरटाइम आहे म्हणाले. दिवाळीला ओव्हरटाइम कुठला? आई पुन्हा पुन्हा विचारते, काही बोलली का तू त्यांना? मी नाही म्हणाले. ओवाळणीचं ताट तसंच राहिलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

परत खोलीवर. तात्या कामावर. ग्राफिक्सचं पुस्तक मी रागाने इथेच टाकून गेले होते, ते कॉटवर उघडं. त्यावर एक वही. कारखान्यातल्या जुन्या कागदांची कोरी बाजू वर घेऊन दोऱ्याने शिवलेली. आत पुस्तकातल्या आकृत्या, एकापुढे एक, पेन्सिलीने. कॉलेजच्या रितीने! पहिल्या पाच-सहा खोडून खोडून कागद फाटलेला. पुढच्या बऱ्या. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात, "उजवं डावीकडे. वरचं खाली."

दिवाळीचे चार दिवस हा माणूस इथे एकटा बसून हे करत होता.

ते आले तेव्हा मी माफी मागणार होते. वाक्य तयार होतं. पण त्यांनीच आधी विचारलं, "ह्यातली चौदावी मला येईना झालीय. दाखवतीस का?" मी दाखवली. माफी राहूनच गेली.

१७ नोव्हेंबर, रविवार

रोज एक आकृती. तात्या घरी असतील तर दोघं, नसतील तर मी काढून ठेवते आणि ते आल्यावर त्यांची काढतात. सकाळी कॉटवर दोन कागद शेजारी-शेजारी असतात. भेट झाल्यासारखं वाटतं.

त्यांना जड जातं. हात इतक्या वर्षांच्या सवयीने उजवीकडेच जातो. मग स्वतःच्या हातावर चापट मारतात! भाकरी थापताना पुटपुटतात, उजवं डावीकडे, उजवं डावीकडे. मी म्हणाले, तुम्हाला कशाला हवंय आता, मला जमतंय की. तर म्हणाले, तुझं बरोबर का चूक हे मला कळाया नको?

कॉलेजात अजूनही जिन्याखालीच डबा खाते. पण आता तिथे बसून पायऱ्या खालून कशा दिसतात ते काढते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

तात्या जेवले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

तात्यांनी कारखान्यातून एक जॉब आणला. जॉब म्हणजे मशीनवर केलेला लोखंडाचा भाग, तिथे त्याला तेच म्हणतात. तळहाताएवढा, जड, एका अंगाला पायरी आणि बाजूला खोल खाच. वर लाल रंगाचा ठिपका.

ठिपका कशाचा विचारलं तर म्हणाले, रिजेक्ट झालेल्याला लावतात. मी फूटपट्टी घेऊन सगळीकडून मोजला. मला काही चूक सापडेना. म्हणाले, मापं बरोबर हायेत, कागदाला जुळला नाही एवढंच. "साबण संपतोय. हा झिजत न्हाई. ह्याच्यावर शीक."

आणखी एक. आता रोज फर्स्ट शिफ्ट! बदलून घेतली म्हणे. रोज संध्याकाळी घरी असणार. मला इतका आनंद झाला की मी आईला लगेच फोन लावला. आई मात्र म्हणाली, ओव्हरटाइम बुडंल की गं. सगळ्यात खोट काढायची सवय आहे तिला.

१ डिसेंबर, रविवार

हे आठ दिवस मला आठवणीत ठेवायचे आहेत. मी सहाला येते, तात्या चहा ठेवतात, मग जॉब मधे ठेवून दोघं काढायला बसतो. समोरून, मागून, उलटा, तिरका. आठ वेळा काढला. दर वेळी ते बोट ठेवून रेघ न् रेघ बघतात आणि म्हणतात, बरोबर.

आता ते बोलतात पण. पहिल्या वर्षी चाकणला आले तेव्हा हॉटेलात एकट्याने जेवायची लाज वाटायची म्हणून महिनाभर पाव खाल्ले. मशीनवर उभं करण्याआधी दोन वर्षं नुसती झाडलोट. कुणाला विचारायची सोय नव्हती, म्हणून टाकून दिलेले कागद खोलीवर आणून वाचायला शिकले. मी जिन्याखालच्या डब्याचं पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "मी तर संडासाच्या मागं बसून खायचो. तुझा जिना बरा." हसायला आलं आणि मग रडायलाही. त्यांच्यासमोरच रडले. इथे माझं कोणी नाही असं मी या वहीत किती वेळा लिहिलंय. खोडत नाही, पण आज ते खरं वाटलं नाही.

हाताला त्यांच्या बारीक बारीक चिरा पडल्यात. थंडी आहे म्हणतात. व्हॅसलीन आणलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

नेहा जिन्याखाली आली. म्हणाली, काच परीक्षेला नेता येणार नाही, मला शिकवशील? मी तिच्या हातात खोडरबर दिला आणि म्हणाले, एक डोळा झाक. दिसतंय तेवढंच काढ.

तिच्या डब्यात पनीर होतं. माझी शेंगदाण्याची चटणी तिनेच संपवली.

१९ डिसेंबर, गुरुवार

ग्राफिक्सचा पेपर. पहिली ओळ तीनदा वाचली. मग काढलं. बाहेर आल्यावर तात्यांना फोन केला, तर मागे मशीनचा आवाज नव्हता, कानशीने घासल्यासारखा काहीतरी खरखर आवाज. "कसा गेला?" — "उजवं डावीकडे!" — ते इतक्या मोठ्याने हसले की फोन कानापासून लांब धरला.

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार

पास! सगळ्या विषयांत! गणितात काठावर, पण ग्राफिक्समध्ये शंभरात एक्क्याऐंशी, वर्गात तिसरी! मॅडमनी नंबर नाही, नाव घेतलं. विजयश्री. नेहाही पास.

तात्यांनी मोबाईलवरचा निकाल किती तरी वेळ बघितला. मग पेढे आणायला गेले. टॉवेल खांद्यावर तसाच.

२५ जानेवारी, शनिवार

शेखरकाकांना पेढा दिला. ते म्हणाले, "चला, तुझ्या तात्याचं मशीन गेलं ते कारणी लागलं." मी विचारलं, कुठलं मशीन? मग त्यांना सांगावंच लागलं.

नोव्हेंबरात तात्यांचे बत्तीस जॉब उलटे निघाले. कारखान्याचा कागद त्यांनी कॉलेजच्या रितीने वाचला. खाच उजवीकडे हवी होती, ती डावीकडे पाडली. "च्याच्या टायमाला बी त्येच पुटपुटायचा, उजवं डावीकडं. अर्जुनरावांनी इचारलं, असं कसं झालं? तर डोकं दुखत व्हतं म्हणला. तुझं नाव न्हाई घेतलं." तेव्हापासून तात्या मशीनवर नाहीत. बाकावर बसून दुसऱ्यांच्या जॉबच्या कडा कानशीने घासतात. ते काम फर्स्ट शिफ्टलाच असतं.

घरात येऊन लाल ठिपक्याचा जॉब उचलला. आरशासमोर धरला. आरशात खाच उजवीकडे आली.

हा मी चौदा वेळा काढलाय. चौदाही वेळा तात्या म्हणाले, बरोबर.